केस उपटण्याची व्याधी मोजताना : प्रश्नावलीच्या प्रमाणीकरणाविषयी काही सूचना

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी, नव्याने व्यवसायात पडलेले समुपदेशक आणि क्वचित एखादे त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडून जी विचारणा होते, तीत एक प्रश्न थोड्याफार शब्दभेदाने पुनःपुन्हा डोकावतो : ‘प्रौढांमधील केस उपटण्याची व्याधी मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली हाती आली आहे, ती मराठीत प्रमाणित करावयाची आहे, तर नमुना किती घ्यावा आणि अल्फा किती आला म्हणजे काम झाले?’ प्रबंधाची मुदत डोक्यावर असली की प्रश्न असा आकड्यांच्या भाषेत यावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ‘प्रमाणित प्रश्नावली’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो, त्यातूनच बहुतेक घोटाळे उद्भवतात. अमुक लोकांनी, अमुक भाषेत, अमुक प्रयोजनासाठी दिलेल्या उत्तरांचा जो गुणांक निघतो, त्यावर कितपत इतबार ठेवावा याचा निवाडा म्हणजे प्रमाणीकरण. बॉस्टनच्या रुग्णालयात मिळालेला दाखला बीडच्या बाह्यरुग्ण विभागात आपोआप चालत नाही, आणि उपचाराची प्रगती मोजण्यासाठी मिळालेला दाखला निदानासाठी चालत नाही.

प्रथम प्रयोजन लिहून काढा

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ साली ज्याला ‘ट्रायकोटिलोमेनिया’ हे नाव दिले, तो हा विकार अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८७ साली दाखल झाला आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आवेगनियंत्रणाच्या विकारांमधून काढून मंत्रचळ व तत्सम विकारांच्या पंक्तीत बसवण्यात आला. निदानाच्या अटी थोडक्यात अशा : स्वतःचे केस वारंवार उपटून ते विरळ होणे, थांबवण्याचे प्रयत्न फसत राहणे, त्यापायी मनस्ताप किंवा कामकाजात अडथळा होणे, आणि त्वचेच्या अन्य रोगाने वा दुसऱ्या मानसिक विकाराने याचा उलगडा होत नसणे. यापलीकडची सैद्धांतिक चर्चा आपल्या निर्णयास आवश्यक नाही. आवश्यक आहे ते हे, की खालीलपैकी कोणते काम आपणांस प्रश्नावलीकडून करून घ्यावयाचे आहे, हे एका वाक्यात कागदावर उतरवणे :

- निदान झालेल्या व्यक्तीत तीव्रता मोजणे आणि उपचारांनंतर ती किती उतरली हे पाहणे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची हेअरपुलिंग स्केल ही नॅन्सी क्यूथेन व सहकाऱ्यांची १९९५ सालची सात प्रश्नांची श्रेणी याच कामासाठी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण २८.
- केस उपटण्याची रीत ओळखणे, म्हणजे व्यक्ती हेतुपुरस्सर उपटते की नकळत. फ्लेसनर व सहकाऱ्यांची २००८ सालची मिलवॉकी इन्व्हेंटरी त्यासाठी आहे. तिच्या पंधरा विधानांपैकी दहा पहिल्या रीतीविषयी व पाच दुसरीविषयी आहेत.
- समाजातून संशयित व्यक्ती चाळून काढणे. वरील दोन्ही साधने या कामासाठी घडवलेली नाहीत. तरीही नेमके याच कामासाठी ती वापरण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो.

ज्यांचे प्रयोजन तिसरे आहे त्यांनी स्वतंत्र चाळणी-प्रश्न तयार करून त्यांची तुलना तज्ज्ञाच्या मुलाखतीशी करावी. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रयोजनाला, म्हणजे त्या सात प्रश्नांच्या श्रेणीला, धरून आहे.

परवानगी आणि आधीच्या कामाचा शोध

मराठी रूपांतर यापूर्वी कोणी केले आहे काय, याचा शोध विद्यापीठांतील प्रबंधांच्या नोंदींमध्ये आधी घ्यावा; झाले असल्यास नव्याने अनुवाद न करता त्याच मजकुराची पुढील कसोटी घेणे अधिक उपयुक्त ठरते. नसल्यास मूळ कर्त्यांकडे लेखी अर्ज करावा. श्रेणी वापरण्याची परवानगी आणि तिचे भाषांतर करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची मंजुरी दुसरीला लागू धरू नये. आलेले उत्तर दप्तरी लावून ठेवा, नैतिक समितीपुढे ते मागितले जाते.

मजकूर मराठीत उतरवताना

रीत सर्वश्रुत आहे : दोघांनी एकमेकांस न दाखवता अनुवाद करावा, दोन्ही मसुद्यांचा मेळ घालावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो इंग्रजीत परत न्यावा, मग तज्ज्ञांनी तुलना करावी. उलट अनुवाद मुळाशी हुबेहूब जुळला म्हणजे मराठी चांगली झाली, असा एक समज आढळतो. वस्तुतः शब्दाला शब्द ठेवलेला अनुवादच उलटा करायला सर्वांत सोपा असतो, आणि वाचणाऱ्याला सर्वांत अवघड. म्हणून खरा निर्णय उत्तरदात्यासमोर बसून होतो. विकार असलेल्या आठ-दहा जणांना प्रश्नावली मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘हे आपणांस काय विचारले आहे असे वाटते?’ एवढेच विचारा. या बैठकीत पुढील ठिकाणी पेन थबकताना दिसेल :

- ‘गेल्या आठवड्यात’. कोणी सोमवार ते रविवार धरतो, कोणी आजपासून मागचे सात दिवस. प्रश्नावलीच्या माथ्यावरच ‘आज धरून मागील सात दिवस’ असे लिहा.
- उपटावेसे वाटणे. सातपैकी पहिले तीन प्रश्न या आतल्या ओढीविषयी आहेत. ‘इच्छा’ लिहिल्यास ‘मला इच्छा कुठे असते? नको असतानाच होते’ असे उत्तर येण्याचा संभव फार, ‘ऊर्मी’ ग्रंथांतली, ‘तलफ’ म्हटले की तंबाखू आठवते. ‘केस उपटावेसे वाटले’ हे साधे क्रियापदच सर्वांत कमी अडते.
- केस ओढणे. अनेकांना सवय असते ती केसाशी चाळा करण्याची, बट बोटाभोवती गुंडाळण्याची. मोजायचे आहे ते मुळासकट निघणे वा तुटणे. तेव्हा ‘उपटणे’च लिहा, आणि डोके, भुवया, पापण्या, दाढी-मिशी व शरीराचा अन्य भाग असा तपशील सूचनेत द्या. नाहीतर पापण्या उपटणारी व्यक्ती ‘केस’ या शब्दाने आपल्याला विचारलेच नाही असे समजून शून्य लिहील.
- लिंगभेद. ‘मी उपटतो/उपटते’ अशा तिरक्या रेघा मजकुराला सरकारी नमुन्याची कळा आणतात. ‘मी केस उपटले’, ‘मला वाटले’ अशी भूतकाळी रचना ठेवल्यास क्रियापद स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच बसते. आठवड्याचा हिशेब विचारायचा असल्याने काळही योग्य असतो.
- प्रमाणदर्शक शब्द. ‘अधूनमधून’ आणि ‘कधीमधी’ यांत जास्त कोणते, यावर सुशिक्षितांचेही एकमत होत नाही. हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, पंधरा-वीस सामान्य वाचकांना कमीपासून जास्तीकडे लावायला द्या. ज्यांचा क्रम डळमळतो ते वगळा.

ही चाचणी केवळ पुण्यात करून थांबू नका. विदर्भ, खानदेश वा कोकणातील निदान एका केंद्रात ती व्हावी, आणि ज्यांना वाचनाचा सराव नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवण्याची रीतही तेव्हाच ठरवून लिहून ठेवावी.

उत्तरदाते कोठून आणावेत

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या १०,१६९ अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत या विकाराचे प्रमाण १.७ टक्के आढळले. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करण्याचे कारण नाही, पण अंदाजासाठी धरला तरी दीडशे व्यक्ती मिळवायला सुमारे ८,८०० प्रौढांची चौकशी करावी लागेल. प्रबंधाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. साहजिकच आपण रुग्णालयाकडे वळाल. तेथेही मनोविकार विभागाच्या दारात बसण्यापेक्षा त्वचारोग विभागात अधिक लोक भेटतील, कारण ‘चाई पडली आहे’ असे समजून किंवा तसे सांगून ही मंडळी प्रथम तिथे जातात.

रुग्णालयीन नमुन्याची एक खोट ध्यानात असू द्या. वरील पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, तरी उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा असतो. पुरुष डोके बारीक करून घेतो, दाढी काढतो, आणि विकाराला कोणी नाव ठेवण्यापूर्वीच त्याचा पुरावा न्हाव्याच्या दुकानात पडून राहतो. पुरुष उत्तरदाते मुद्दाम शोधावे लागतील. न मिळाल्यास आपला निष्कर्ष स्त्रियांपुरता आहे असे स्पष्ट लिहावे.

तुलनेचा गट निवडताना सोपी वाट पत्करू नका. विकारग्रस्तांचे गुण आणि निरोगी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गुण यांत फरक दिसणारच. तो दाखवून प्रश्नावलीची परीक्षा होत नाही. खरी परीक्षा शेजारच्या विकारांशी असते :

- खरोखर चाई पडलेले रुग्ण. येथे त्वचारोगतज्ज्ञांची साक्ष अनिवार्य आहे : चाईत मुळाशी निमुळते होत गेलेले, उद्गारचिन्हासारखे केस दिसतात, तर उपटलेल्या जागी कमीजास्त लांबीचे तुटलेले केस.
- मंत्रचळाचे, परंतु केस न उपटणारे रुग्ण.
- नखे कुरतडणारे किंवा त्वचा सोलणारे प्रौढ.

वगळण्याच्या अटीही तपशीलवार लिहा. पांढरा केस दिसला की उपटणे, पार्लरमध्ये भुवया कोरून घेणे, नवसाचे मुंडण, जैन मुनी व आर्यिकांचा व्रतस्थ केशलोच, या गोष्टींचा विकाराशी संबंध नाही. परदेशी प्रश्नावली घडवणाऱ्यांना केशलोचाचा विचार करण्याचे कारणच पडले नसेल. आपणांस मात्र महाराष्ट्रात तो करावा लागेल.

नकळत उपटणारे : या कामातील खरी अडचण

येथे थोडे थांबावे अशी विनंती आहे, कारण या विकारातील प्रमाणीकरण इतर प्रश्नावल्यांहून अवघड होते ते याच ठिकाणी.

काही व्यक्ती तणाव वाढला की आरशासमोर उभे राहून, एखादा जाड वा राठ केस हेरून, तो जाणीवपूर्वक उपटतात व त्यांना सुटल्यासारखे वाटते. दुसऱ्या काहींचा हात स्पर्धापरीक्षेचे पुस्तक वाचताना, मालिका पाहताना किंवा फोनवर बोलताना डोक्याकडे जातो, आणि समोरच्या पानावर केसांचा पुंजका दिसेपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. बहुतेक लोक कमीअधिक प्रमाणात दोन्ही करतात. आता सात प्रश्नांची रचना पुन्हा पाहा : उपटावेसे किती वेळा वाटले, ते वाटणे किती तीव्र होते, त्यावर ताबा किती राहिला, हे पहिले तीन, प्रत्यक्ष किती वेळा उपटले, थांबवण्याचा प्रयत्न किती केला, उपटण्यावर ताबा किती राहिला आणि मनस्ताप किती झाला, हे पुढचे चार. जिला काही वाटतच नाही, अशा व्यक्तीने पहिल्या तिन्हींना प्रामाणिकपणे शून्य दिले, तर तिचे डोके अर्धे उजाड झाले असले तरी तिचा एकूण गुणांक २८ पैकी १६ च्या वर जाऊच शकत नाही. याउलट आठवडाभर ओढ सोसून, हात बांधून बसलेल्या आणि एकही केस न उपटलेल्या व्यक्तीचे गुण बरेच भरतात. दोघांची बेरीज सारखी आली म्हणून दोघांची अवस्था सारखी होत नाही.

याच श्रेणीच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या घटक-विश्लेषणात तीव्रता हा एक, आणि प्रतिकार व ताबा हा दुसरा, असे दोन घटक वेगळे निघाले. तेव्हा केवळ एकूण बेरजेवर अवलंबून न राहता दोन्ही उपगुणांक स्वतंत्रपणे मांडावेत, असे आमचे मत आहे.

शिवाय ज्याला आपल्या कृत्याची जाणीवच नाही त्याच्या स्वतःच्या साक्षीवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रश्नावलीबाहेरचा पुरावा गोळा करा :

१. तज्ज्ञाची मुलाखत. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण ठाऊक नसावेत. निदान तीस व्यक्तींच्या बाबतीत दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र निर्णय द्यावा, म्हणजे त्यांच्या परस्परांतील एकवाक्यतेचा कोहेन यांचा कप्पा गुणांक काढता येईल.

२. पाकीट आणि रोजनिशी. उपटलेला प्रत्येक केस त्या त्या दिवसाच्या तारखेच्या पाकिटात टाकावा आणि वेळ, जागा, चाललेले काम लिहावे. ओंगळ वाटणारी ही रीत वर्तनोपचारात जुनीच आहे आणि हिशेब चोख देते. मात्र लिहू लागले की उपटणे आपोआप घटते. यास्तव प्रश्नावली रोजनिशी सुरू करण्यापूर्वी एकदा व सप्ताहाअखेर पुन्हा भरून घ्या, आणि रोजनिशीतील आकडे या दुसऱ्या खेपेशी ताडून पाहा.

३. छायाचित्र. ठरावीक अंतरावरून, ठरावीक उजेडात, चेहरा न येईल असे घ्यावे. विरळ झालेली जागा मात्र अनेक महिन्यांचा इतिहास सांगते, गेल्या सात दिवसांचा नव्हे. तेव्हा गुणांकाशी तिचा संबंध मध्यम प्रतीचा आला तर निराश होऊ नका. फारच चांगला आला, तरच शंका घ्या.

४. घरच्यांचे निरीक्षण. उत्तरदात्याची लेखी संमती असेल तरच. आई किंवा सासू शेजारी बसली असताना प्रश्नावली भरून घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागांत ते सर्रास घडते.

आणखी एक साधा प्रश्न जोडा : ‘मागील सात दिवसांत आपण केस अगदी बारीक कापले होते का, किंवा डोक्याला सतत काही बांधून ठेवले होते का?’ हाताला केस लागू नये अशी तजवीज ज्याने केली आहे, त्याचा शून्य हा बरे झालेल्याच्या शून्याहून निराळा असतो.

प्रश्नावलीचा गुणांक आणि हा बाहेरचा पुरावा यांतील सहसंबंध नकळत उपटणाऱ्यांसाठी आणि हेतुपुरस्सर उपटणाऱ्यांसाठी वेगवेगळा काढा. पहिल्या गटात तो पडला, तर आपली प्रश्नावली कोणासाठी चालत नाही याचा पत्ता लागला. तो निष्कर्ष छापण्याजोगा आहे. लपवण्याजोगा मुळीच नाही.

आकडेमोड : कमीत कमी एवढे

- नमुना. ‘दर प्रश्नामागे दहा’ हा तोंडी नियम सात प्रश्नांना सत्तर माणसे देतो. घटक-विश्लेषणास ती अपुरी. दीडशे ते दोनशे हे व्यवहार्य लक्ष्य धरा.
- अल्फा. क्रोनबाख यांचा हा गुणांक (१९५१) ०.७० च्या वर आला की विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतात. एकच गोष्ट सात तऱ्हांनी विचारली तरी तो फुगतो. तो विश्वसनीयतेविषयी काही सांगतो, सप्रमाणतेविषयी काहीही नाही.
- पुनर्चाचणी. दोन खेपांत एक ते दोन आठवडे असावेत, आणि त्या मुदतीत ज्यांचा उपचार सुरू झाला वा बदलला त्यांना या हिशेबातून वगळावे. साध्या सहसंबंधाऐवजी वर्गांतर्गत सहसंबंध काढा. सर्वांचेच गुण दोनदोनांनी उतरले तर साधा सहसंबंध ते झाकून टाकतो.
- घटक-विश्लेषण. रचना शोधणे आणि ती पडताळणे एकाच लोकांवर करू नका. मिलवॉकी इन्व्हेंटरीच्या कर्त्यांनी १,६९७ जणांचा नमुना यासाठी दोन भागांत विभागला होता. आपला नमुना तेवढा नसेल तर १९९५ चा एक-घटकी आराखडा आणि २००७ चा द्वि-घटकी आराखडा या दोन्हींची पडताळणीच फक्त करावी.
- बदलाची संवेदनशीलता. २००९ साली एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाच्या ५० प्रौढांवरील बारा आठवड्यांच्या परीक्षणात हीच श्रेणी प्रमुख मोजमाप होती. आपल्याकडे सवय-परिवर्तनाचा वर्तनोपचार घेणारे वीस-पंचवीस रुग्ण असतील, तर उपचारापूर्वी व नंतर मोजून पाहा. नसतील, तर या गुणाविषयी मौन बाळगा.

उत्तरदात्यांचे हक्क आणि आपली जबाबदारी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. काम नुसत्या प्रश्नावलीचे आहे म्हणून सूट गृहीत धरू नये. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. संमतिपत्र उत्तरदात्याला कळेल अशा मराठीत असावे आणि त्यात पुढील गोष्टी स्पष्ट याव्यात :

- कोणत्याही क्षणी, कारण न देता, माघार घेता येईल आणि त्याचा चालू उपचारांवर परिणाम होणार नाही.
- छायाचित्र, पाकीट व रोजनिशी यांस स्वतंत्रपणे नकार देता येईल.
- प्रश्नावलीवर नाव असणार नाही; नाव व क्रमांक यांची यादी वेगळ्या कुलपात राहील, आणि ती केव्हा नष्ट होईल तेही लिहिलेले असेल.
- प्रवासखर्च मिळेल काय, आणि किती.

या व्याधीतील शरम अपार असते. पदर पुढे ओढलेला, भुवया पेन्सिलीने रेखलेल्या, उन्हाळ्यातही स्कार्फ न सोडलेला, अशा माणसाला ‘जरा दाखवा पाहू’ म्हणण्याचा अधिकार संशोधकाला नाही. तपासणी वैद्याने, बंद खोलीत, संमतीनंतरच करावी. काही जण उपटलेला केस गिळतात, आणि त्याचा गोळा पोटात साठून शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. कोणी तसे सांगितले, किंवा पोटदुखी, उलट्या, वजन घटणे अशी तक्रार केली, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्या व्यक्तीला त्याच दिवशी वैद्याकडे पाठवा. जोडीला नैराश्याची श्रेणी देत असाल, तर तीत आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न असण्याची शक्यता असते. ती उत्तरे घरी नेऊन महिनाअखेरीस संगणकात भरणे हा अक्षम्य हलगर्जीपणा होय. कागद हाती आला की तो प्रश्न तेथेच वाचा, कोणाला बोलवायचे हे आधी ठरवून ठेवा, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर छापा.

अहवाल लिहिताना

सरासरी गुण देताना ते कोणत्या केंद्रातील, किती स्त्रिया व किती पुरुष, प्रश्न स्वतः वाचून भरले की वाचून दाखवले, हे तक्त्यातच यावे. अमुक गुणांच्या वर विकार, अशी सीमारेषा परदेशी निबंधातून उचलू नका, आणि आपल्या रुग्णालयीन नमुन्यावरून नवी आखूही नका; या श्रेणीवर निदान करता येत नाही, हे वाक्य मराठी प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरच छापावे. परिशिष्टात अनुवादाचे सर्व मसुदे, वगळलेले शब्द आणि ते का वगळले याची नोंद जोडा, म्हणजे पुढच्या संशोधकाला चिठ्ठ्या पुन्हा पिसाव्या लागणार नाहीत. अंतिम मजकुरावर आवृत्तीची तारीख घालून त्याची एक प्रत, मराठी न जाणणाऱ्यालाही पडताळता येईल अशा उलट अनुवादासह, मूळ कर्त्यांकडे रवाना करा. बहुतेक परवानग्यांत ही अट असते, आणि प्रबंध सादर झाल्याच्या आनंदात नेमकी तीच विसरली जाते.